खाजणातली वंशावळ

महाराष्ट्रात नायगावांना तोटा नाही. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातले नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. नांदेड जिल्ह्यात तर नायगाव नावाचा अख्खा तालुकाच आहे. दादरला खेटून बीडीडी चाळींचे नायगाव आहे, आणि भाईंदरची खाडी ओलांडून लोकल वसईच्या बाजूला आली की पहिले स्टेशन लागते, तेही नायगावच. आता मॉरिशसमधल्या एखाद्या मराठी माणसाची कल्पना करावी. तिथे मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची जुनी रजिस्टरे जपून ठेवली आहेत. माणसाचा नंबर, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव अशा त्यांतल्या नोंदी. खापरपणजोबांच्या गावाच्या रकान्यात कारकुनाने कानावर पडले तसे ‘नायगाव’ लिहिले असेल आणि जिल्ह्याचा रकाना वाळवीने खाल्ला असेल, तर या माणसाने मुंबईत उतरून कुठली गाडी धरायची?

प्रश्न गमतीचा वाटला तरी मार्च २०२४ पासून त्याला वजन आले आहे. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या, तेव्हा तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड मिळू शकेल, अशी खास तरतूद जाहीर झाली. वंशावळ हा ओटीवरच्या म्हाताऱ्यांच्या गप्पांचा विषय होता ते दिवस गेले. ती आता अर्जाला जोडायची असते.

वसईच्या नायगावला हे मॉरिशसकडून शिकायची गरज नाही. इथल्या आगरी, भंडारी किंवा कोळी घरातला मुलगा इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या रांगेत लागला की घरात धावपळ सुरू होते ती जात पडताळणीची. आजोबा-पणजोबांपर्यंतची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची, चुलत्यांच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा आणायचा, कुठल्या तरी आत्याच्या दाखल्यावर जातीचा उल्लेख वेगळा निघाला तर त्याचा खुलासा करायचा. पुरावा ठरलेल्या तारखेच्या आधीचा हवा: इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०. महाराष्ट्रातल्या लाखो घरांनी आपल्या पणजोबांचे नाव पहिल्यांदा नीट विचारले ते या तारखांपायी.

पण कॉलेजच्या प्रवेशासाठी शोधा की अभिमानासाठी, वंशावळ शोधणारा हटकून एका प्रश्नापाशी जाऊन अडतो. आमच्यातला इथे पहिला कोण आला? हा प्रश्नच वाकडा आहे. कागदपत्रांना त्याचे उत्तर देता येत नाही. कागद फार तर एवढे सांगतो की अमुक माणूस अमुक साली कुणाच्या तरी वहीत, कुणाच्या तरी सोयीसाठी चढला. वही कुणाची आणि सोय कुणाची, हे आधी विचारले तर घराण्याचा इतिहास हाती लागतो. ‘पहिला कोण’ असेच विचारत राहिले तर हाती लागते ती आरती.

या वेडाची राजधानी अमेरिकेत आहे. ब्रिगहॅम यंग यांच्या मागून निघालेला मॉर्मन पंथीयांचा पहिला तांडा जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. त्याच पंथाने १८९४ साली युटाची वंशावळ संस्था काढली. मेलेल्या पूर्वजाच्या वतीने वंशजाने बाप्तिस्मा घ्यायचा, ही त्यांची श्रद्धा. तेव्हा पूर्वज नेमका कोण हे ठाऊक असायलाच हवे. या गरजेपोटी त्यांनी जगभरच्या जन्म-मृत्यूच्या वह्यांचे मायक्रोफिल्म घेतले, आणि ते ठेवायला ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून तिजोरी केली. १९७० च्या दशकात त्यांचे कॅमेरे हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांपर्यंत येऊन पोचले. कर्मकांडासाठी लिहिलेली वही दुसऱ्या कर्मकांडासाठी टिपली गेली, आणि मधल्या मधे इतिहासकारांचे काम झाले.

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन वसाहतकार हा वंशावळ शोधणाऱ्याचा लाडका पूर्वज, कारण त्याने भरपूर कागद मागे ठेवला आहे. २० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. कुटुंबप्रमुखाने १६० एकर सरकारी जमीन घ्यावी, पाच वर्षे तिथे राहून कसावी, मग ती त्याची. या कायद्याखाली सुमारे १६ लाख जणांना जमिनीचे पट्टे मिळाले. पट्टा मिळण्याआधी अर्जदाराला लेखी जबानी द्यावी लागे: घर किती फुटांचे, नांगरट किती एकर, विहीर खणली का, कुंपण घातले का. शेजारच्या साक्षीदारांनाही हेच विचारले जाई. परदेशात जन्मलेला असेल तर नागरिकत्वाचा कागद सोबत. कायद्याने एकट्या बाईला आणि विधवेलाही अर्ज करता येत असे. शंभर-सव्वाशे वर्षांनी नातवाच्या नातवाने ही फाइल उघडली की खापरपणजोबाच्या घराची लांबी-रुंदी त्याच्या पुढ्यात येते. आपल्याकडच्या सातबाऱ्याला हे वैभव नाही. मात्र त्यांच्याकडेही सगळे शाबूत नाही. १८९० च्या अमेरिकन जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत गेले, आणि ऐन वसाहतीच्या काळातले ते दशक वंशावळ शोधणाऱ्यांना अजून छळते.

या फायलींचा भर कशावर आहे ते इंगल्स कुटुंबाच्या उदाहरणावरून कळते. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या ‘लिटल हाऊस’ मालिकेमुळे हे बहुधा जगातले सर्वांत प्रसिद्ध वसाहतकार घराणे. वडील चार्ल्स इंगल्स १८६९ मध्ये कुटुंबकबिल्यासह कॅन्ससमध्ये गेले, माळावर लाकडी घर बांधले, नांगर धरला. पुस्तकातून ती निर्जन भूमी वाटते. जमीन होती ओसेज या आदिवासी राष्ट्राच्या राखीव भागातली, आणि सरकारने ती अजून वसाहतीला खुलीच केलेली नव्हती. १८७० च्या जनगणनेत हे कुटुंब सापडते, पण स्थावर मालमत्तेच्या किमतीचा रकाना कोरा आहे. मोजणाऱ्याला ठाऊक होते की इथे या लोकांचे काही नाही. पुढल्या वर्षी इंगल्स तिथून उठले. १८८० मध्ये चार्ल्स यांनी डकोटात डी स्मेट गावाजवळ रीतसर होमस्टेडचा अर्ज केला आणि तिथून त्यांची फाइल सुरू होते. फायलीपुरते पाहिले तर हा कायद्याने वागणारा कष्टाळू शेतकरी. कॅन्ससचा कोरा रकाना शेजारी ठेवला की त्याच माणसाच्या आयुष्याला दुसरी बाजू फुटते, आणि ओसेजांचीही गोष्ट सांगावी लागते. घराण्याच्या इतिहासात असा कोरा रकाना सापडणे हे भाग्य समजावे.

आता खाडीकडे येऊ.

नायगावच्या समोर, वसईच्या खाडीपलीकडे भाईंदर आहे. मध्ये पाण्यात पाणजू बेट. रेल्वेच्या पुलावरून जाताना दोन्ही तीरांना कांदळवन, चिखल आणि मिठागरांचे चौकोन दिसतात. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीची पहिली रोजची लोकल एप्रिल १८६७ मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेला धावली तेव्हाही प्रवाशाला दिसले असेल ते असेच खाजण. भरतीला बुडणारी, ओहोटीला उघडी पडणारी ही जमीन कुणाची? नकाशावर ती सरकारची. तिच्यावर चिंबोऱ्या-निवट्या पकडणाऱ्या कोळणीला विचारले तर उत्तर वेगळे.

होमस्टेड कायद्यानंतर आठच वर्षांनी, १८७० मध्ये, ब्रिटिश सरकारने मीरा, भाईंदर आणि घोडबंदर ही गावे रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. अट अशी की खारे पाणी अडवणारे बांध त्यांनी घालायचे आणि राखायचे. त्या बदल्यात शेतकऱ्यांच्या पिकातला तिसरा हिस्सा त्यांनी घ्यायचा. १९४५ मध्ये हे हक्क इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे गेले आणि त्यावरून उठलेले वाद एकविसाव्या शतकातही मिटलेले नाहीत. अमेरिकेत स्वतः नांगर धरणाऱ्याला १६० एकर आणि इथे समुद्र अडवण्याच्या हमीवर एका माणसाला तीन गावे! दोन्ही सरकारे आपापल्या परीने ‘पडीक जमीन लागवडीला’ आणत होती. दोन्हीकडे जमीन पडीक आहे हे ठरवणारा टेबलापलीकडे बसला होता.

बांध घालणे म्हणजे काय, हे ज्याने खाजणात पाय घातला आहे त्यालाच कळते. गुडघाभर चिखलातून ढेपा काढायच्या, त्या हातोहात पुढे देत भिंत चढवायची, पाणी आत-बाहेर सोडायला उघाडी बसवायची. उधाणाच्या भरतीला एखादी खांड पडली की एका रात्रीत सगळे आगर खारे. आत कोंडलेल्या जमिनीचा खारटपणा पावसाने धुऊन निघायला दोन-तीन वर्षे जातात. तोवर पिकते ते राता भातासारखे खाऱ्याला दाद न देणारे लाल वाण. हे सगळे रामचंद्र लक्ष्मणजींनी हाताने केले नाही, हे उघड आहे. केले ते ज्यांनी, त्यांची नावे पट्ट्यावर नाहीत. नायगावच्या बाजूच्या मिठागरांचेही तेच. पट्टेदाराचे नाव मीठ खात्याच्या कागदात मिळते. पावसाळा सरला की पालघर-डहाणूकडून येऊन सबंध हंगाम वाफ्यांत फळी ओढणाऱ्या आदिवासी मजुराचे मिळत नाही. आणि तरी खाजणातला खरा वसाहतकार कोण, असे विचारले तर उत्तर याच माणसाकडे बोट दाखवते.

वसईकरांना मात्र वसाहतकार म्हटले की आठवतो तो बिंब राजा. ‘महिकावतीची बखर’ सांगते की शके १०६० मध्ये, म्हणजे इसवी सन ११३८ च्या सुमारास, प्रतापबिंब उत्तर कोकणात उतरला आणि त्याच्याबरोबर ६६ कुळे आली. सोमवंशी, सूर्यवंशी, शेषवंशी अशी त्यांची वाटणी. वसई-पालघर पट्ट्यातली आणि मुंबईतलीही कितीतरी घराणी आपला उगम या यादीत शोधतात. वाडवळांच्या, पाठारे प्रभूंच्या, पाचकळशांच्या घरी हा विषय निघाला की आवाज चढतो. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये ही बखर संपादून छापली आणि या अभिमानाला छापील आधार मिळाला.

बखर बारकाईने वाचणाऱ्याला दोन गोष्टी खटकतात. तिचा सर्वांत जुना भाग केशवाचार्यांनी लिहिला शके १३७० मध्ये, म्हणजे १४४८ साली. बिंबाच्या आगमनापासून तीनशे दहा वर्षांनी. आणि लिहिला तो हौसेने नव्हे. मुसलमानी अंमलात देसायांचे, वृत्तिवंतांचे हक्क विस्कटले होते, कोण कुठल्या कुळाचा यावरून गोंधळ माजला होता. तो निस्तरायला आणि ‘महाराष्ट्रधर्म’ सांगायला ही यादी लोकांपुढे वाचली गेली. म्हणजे ६६ कुळांची यादी बाराव्या शतकाविषयी जेवढे सांगते त्याहून जास्त पंधराव्या शतकाविषयी सांगते: तेव्हा कुणाला कुठला मान हवा होता, कुणाची वृत्ती धोक्यात होती. ती खोटी आहे असे म्हणायचे कारण नाही. पडताळणी समितीपुढे दाखल केलेल्या प्रतिज्ञापत्रासारखी ती वाचावी, एवढेच. दुसरी गोष्ट राजवाड्यांच्या प्रस्तावनेतच आहे. बिंबाची कुळे येण्याआधी या भूमीवर कातकरी, वारली, कोळी होते, याचा विचार त्यांनी तिथे सविस्तर केला आहे. अभिमानाने बखर काढून दाखवणारे प्रस्तावनेची ती पाने सहसा उलटत नाहीत.

पैसे घेऊन वंशावळ सांगणारे तर सगळीकडे आहेत, आणि त्यात वावगे काही नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी सुगीनंतर दारात येतो, चोपडी उघडून मूळ गावापासून पिढ्या म्हणून दाखवतो, नवी नावे लिहून घेतो आणि धान्य किंवा भांडे घेऊन जातो. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायाची वही यजमानाच्या दक्षिणेवर चालते. छापील कुलवृत्तांताला कुळातल्या लोकांची वर्गणी लागते. वर्गणीदाराला आपला पूर्वज पेंढारी निघालेला आवडत नाही, म्हणून कुलवृत्तांतांत पेंढारी फारसे भेटत नाहीत. सरदार, वैदिक आणि मामलेदार मुबलक भेटतात.

नायगाव परिसरातल्या ख्रिस्ती कुटुंबांची वाट वेगळी. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत इथली अनेक गावे ख्रिस्ती झाली. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही असलीच पाहिजे असा दंडक घातला. युरोपातले वंशावळशास्त्र त्या दंडकावर उभे आहे, आणि तोच वसईलाही लागू होता. मुलाचे नाव, जन्मतारीख, आईबाप, गाव, हात धरणारे धर्ममातापिता, पाद्रीची सही. १९०८ नंतर तर लग्नाची नोंदही बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात करायची असा नियम आला, म्हणजे एकाच ओळीत माणसाचा जन्म आणि विवाह. हिंदू शेजाऱ्याकडे शाळेच्या रजिस्टराखेरीज काही नसताना ख्रिस्ती घराकडे हा ठेवा असतो.

तो वाचायचा मात्र नीट. फरगोज, रुमाव, तुस्कानो, डाबरे, डिमेलो, परेरा ही आडनावे पाहून कुणाला लिस्बनची नातीगोती आठवली तर त्याने थोडे थांबावे. धर्मांतराच्या वेळी आडनाव आले ते पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे. एका आडनावाची दोन घरे रक्ताने परकी असू शकतात आणि वेगळ्या आडनावांची दोन घरे एकाच आजोबांची. भरीला भर म्हणजे थोरल्या मुलाला बापाच्या बापाचे नाव ठेवायची चाल, त्यामुळे आंतोनचा बस्त्याव, बस्त्यावचा आंतोन असे आलटून पालटून पिढ्या चालतात आणि शोधणाऱ्याला घेरी येते. इथे कामाला येतात ते आळी, घराचे टोपणनाव आणि मुख्य म्हणजे धर्ममातापित्यांचा रकाना. मुलाला कुणाच्या हाती दिले, यावरून कुठल्या घराचा कुठल्या घराशी घरोबा होता, कुणाचे कुणाकडे देणेघेणे होते ते समजते. आडनावापेक्षा हा रकाना जास्त बोलका.

वही कुठे शोधायची, हेही राजकारणावर ठरते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज कुटुंबे निघून गेली, चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरावर त्यांतली एक आजही आहे, तिच्यावर १७२१ हा आकडा आहे. स्थानिक ख्रिस्ती समाज मात्र जागचा हलला नाही. त्यांचे धर्मप्रांत बदलत राहिले: आधी गोवा, १८८६ पासून दमण, १९२८ पासून मुंबई आणि १९९८ पासून स्वतंत्र वसई. एकाच घराच्या चार पिढ्यांचा पत्रव्यवहार तीन शहरांच्या दफ्तरांत विभागलेला असू शकतो, आणि त्यांतला जुना भाग पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये. एकाही पिढीने गाव सोडलेले नसते.

जमिनीच्या कागदाकडे वळले की धर्माचा फरक पुसट होतो. ठाणे जिल्ह्यातल्या कित्येक कुटुंबांचा मालक म्हणून इतिहास सुरू होतो तो १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनाला. कूळकायद्याने त्या दिवशी कसणारा मालक मानला गेला. त्याआधी त्याचे नाव असलेच तर ‘इतर हक्क’ या रकान्यात, कूळ म्हणून. मालकाच्या जागी सावकार किंवा जमीनदार. पिढ्यान् पिढ्या तेच शेत लावणारे घर कागदाने १९५७ चे, आणि शेताचे तोंड न पाहिलेले घर शंभर वर्षे जुने! इंगल्सच्या कोऱ्या रकान्याला इथे जुळा भाऊ सापडतो, फक्त उलट्या बाजूने. तिथे हक्क नसलेल्याची कहाणी अजरामर झाली. इथे हक्क असायला हवा त्याचे नाव शेवटच्या रकान्यात कोंबले.

आणि बाया? फेरफाराचे जाडजूड गठ्ठे चाळत गेले तर बापामागून मुलगा, मुलामागून नातू अशी रांग लागते. लेकी दिसत नाहीत. मग नायगावात बिल्डर आले, गुंठ्याला भाव चढला, आणि एकदम सगळ्या बहिणी कागदावर अवतरल्या: थोरली पालीला दिलेली, मधली उमेळ्याला, धाकटी पार पालघरला. पत्ते, वये, अंगठे, पासपोर्ट आकाराचे फोटो, सगळे जिथल्या तिथे. त्या कागदाचे नाव हक्कसोडपत्र. वंशावळ शोधणाऱ्याला याहून भरवशाचा पुरावा मिळणार नाही, कारण एकही बहीण सुटली तर बिल्डरचा वकील पुढे सरकत नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, त्यानंतर वकील जास्तच काटेकोर झाले. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने हा कागद वगळू नये. त्यात किती रुपये कुणाला मिळाल्याचे लिहिले आहे आणि किती जणींनी ‘प्रेमापोटी’ सोडले, तेही उतरवून घ्यावे.

कागदावरच भिस्त ठेवली की सर्वांत जास्त मार खातो तो ज्याच्याकडे कधी कागद आलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये, ठाकूर जमातीच्या प्रकरणात, चालीरीती, देवदेवता, बोली यांची आप्तसंबंध चाचणी ही अखेरची कसोटी मानता येणार नाही असा निर्णय दिला आणि जुन्या कागदांना मोठे वजन दिले. ज्यांना अधिकाऱ्यांनी ‘तुमची देवी कुठली’ असे विचारून नापास केले होते त्यांना याचा दिलासा मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण १९५० च्या आधी शाळेची पायरी न चढलेल्या घराने काय दाखवायचे? वारल्यांच्या उठावाआधी, म्हणजे १९४५ पर्यंत, याच जिल्ह्यात माणसे वेठीला धरली जात. त्या माणसांचे नाव जमीनदाराच्या वहीत असलेच तर कर्जाखाली.

२०२३ मध्येच महाराष्ट्राने बहुधा त्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी वंशावळशोध मोहीम पाहिली. मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी तहसील कचेऱ्यांतले रुमाल सुटले, मोडी वाचणारे शोधून काढले गेले, आणि जानेवारी २०२४ पर्यंत सुमारे ५४ लाख कुणबी नोंदी सापडल्याचे सरकारने सांगितले. त्यांत गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी होत्या, म्हणजे गाव नमुना १४, लोकांच्या भाषेत कोतवाल बुक. ज्या कोतवालाने पटकी आणि देवीच्या साथीत कोण मेले हे कलेक्टरला कळवण्यासाठी बोरू चालवला, त्याच्या जातीच्या रकान्यावर शंभर वर्षांनी नोकऱ्यांचे भवितव्य लटकले. त्याने तो रकाना किती काळजीने भरला असेल? कधी शेजाऱ्याला विचारून, कधी स्वतःच्या अंदाजाने, कधी मागच्या ओळीखाली ‘सदर’ लिहून.

म्हणूनच नायगावात हल्ली निवडणुकीच्या वेळी भूमिपुत्र आणि उपरा हा वाद रंगतो तेव्हा वंशावळींचा आधार घेणाऱ्यांपासून सावध राहावे. भूमिपुत्रांच्या तक्रारी खोट्या नाहीत. मिठागरे बुजली, बावखले आटली, पाण्याचा टँकर गावात उशिरा आणि कॉम्प्लेक्समध्ये आधी येतो. १९८९-९० च्या हरित वसई चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नांवर रस्त्यावर उतरले. पण त्यांचा मुद्दा पाणी, जमीन आणि झाडे यांचा होता आणि तो आज आलेल्या भाडेकरूलाही तितकाच लागू पडतो. ‘आम्ही आधीचे’ हा मुद्दा केला की लगेच विचारावे लागते: कुणाच्या आधीचे? बिंबाची कुळे वारल्यांच्या नंतरची, पोर्तुगीज बिंबाच्या नंतरचे, बांध घालणारा पट्टेदार सगळ्यांच्या नंतरचा आणि कागदाने सगळ्यांत पक्का. नायगावशेजारच्या जूचंद्रच्या टेकडीवरची चंडिका कुणाची कुलदेवी कधीपासून, यावर भांडण काढले तर ते संपणारच नाही. गावातले रांगोळी कलाकार तो वेळ अंगणात बरा घालवतात.

नायगाव पूर्वेला खाजणालगतच्या भरावावर ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यांतल्या कुटुंबांचाही कधी तरी कुणी इतिहास लिहील. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची वस्ती १२ लाखांच्या वर गेली होती, तेव्हा शोधणारे पुष्कळ असतील. त्यांचा पहिला दस्त म्हणजे दुय्यम निबंधकाकडचा करारनामा आणि त्याचा सूची क्रमांक दोन. त्यावर बायकांची नावे आपल्या काळातल्या कुठल्याही जमिनीच्या कागदापेक्षा जास्त सापडतील, कारण २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. शोधणाऱ्याने त्यावरून स्त्रीमुक्तीचा निष्कर्ष काढायची घाई करू नये. कर्जाचे हप्ते कोण भरत होते ते बँकेच्या पासबुकात पाहावे. सूची क्रमांक दोनमध्ये सर्व्हे नंबर असेल, चौरस फूट असतील, मोबदल्याची रक्कम असेल. मूळ गावाचा रकाना त्यात नाही. कुटुंब राजापूरचे, आझमगडचे की उडुपीचे, हे बहुधा पोरांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातच मिळेल, जन्मठिकाणाच्या ओळीत, आणि तिथेही हेडक्लार्कने कानावर पडले तसेच लिहिलेले असेल.